गाय, मासा आणि पाण्याची पातळी

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप या गावाच्या नावातला 'नीउ' म्हणजे नवं. मग जुनं व्हेनेप कुठे गेलं? ते बुडालं. हार्लेम, लायडन आणि ॲमस्टरडॅम या तीन शहरांच्या मधे हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं होतं. शेकडो वर्षं ते काठ खात वाढत राहिलं आणि त्याने जी गावं गिळली त्यांतलं व्हेनेप हे एक. डच लोक त्याला 'पाणलांडगा' म्हणत. आसपासची लहान तळी एकमेकांत मिसळून ते एवढं झालं होतं आणि त्या लहान तळ्यांपैकी एकाचं नाव होतं स्पीरिंगमेर. स्पीरिंग म्हणजे वीतभरही नसणारा एक चंदेरी मासा. आज या परिसरात स्पीरिंगवेग नावाचा सरळसोट रस्ता आहे, पण त्याच्या दुतर्फा शेतं आहेत. तो मासा रस्त्याच्या पाटीपुरता उरलाय.

आपल्याकडे दुधाचा धंदा आणि गोड्या पाण्यातली मासेमारी हे दोन्ही 'जोडधंदे'. सरकारी योजनांच्या पुस्तिकेत ते शेजारी शेजारी छापलेले असतात, गाईच्या पानावर अनुदान आणि माशाच्या पानावर बीज. जणू एकाच घरात सुखाने नांदणाऱ्या जावाच. खरं तर ते भाऊबंद आहेत आणि भाऊबंदांसारखंच त्यांचं भांडण बांधावरून होतं. इथला बांध म्हणजे पाण्याची पातळी. पाणी किती उंचीवर ठेवायचं, ते कधी सोडायचं आणि त्यात कुणाची घाण जाऊ द्यायची, हे ज्याच्या हातात असतं त्याच्या बाजूने निकाल लागतो. नीउ-व्हेनेपच्या जागी तो १८५२ साली लागला आणि तोही वाफेच्या इंजिनाने. म्हणून या विषयाचा आढावा तिथून सुरू करतो.

तळं आटवायची कल्पना जुनीच. यान लेखवाटर या गिरणीबांधणाऱ्याने १६४१ मध्ये एक पुस्तक लिहून १६० पवनचक्क्यांनी हे पाणी उपसायचा आराखडा मांडला. तो दोनशे वर्षं कागदावरच राहिला. पैसा मोठा लागणार होता, हे एक कारण. दुसरं असं की तळं काही रिकामं नव्हतं. त्यावर होड्यांची वाहतूक चालत होती, मासेमारी चालत होती, शहरांचं सांडपाणी त्यात मुरत होतं आणि काठावरच्या शहरांचे हितसंबंध त्यात अडकले होते. मग १८३६ च्या नोव्हेंबरात वादळाने हे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणलं आणि त्याच वर्षीच्या नाताळात दुसऱ्या वादळाने लायडनच्या बाजूला घुसवलं. वेशीवर पाणी आल्यावर हितसंबंध गप्प बसतात. पुढच्याच वर्षी राजा पहिला विलेम याने समिती नेमली. १८४० पासून तळ्याभोवती सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणायला सुरुवात झाली. तोच रिंगफार्ट. खणला मजुरांनी, फावड्याने.

उपसा करणारी तीन पंपघरं उभी राहिली. त्यांना लेखवाटर, क्रुकियस आणि लाइंडन ही नावं मिळाली, तळं आटवायचं स्वप्न ज्यांनी आधी पाहिलं त्यांची. क्रुकियस आता संग्रहालय आहे आणि आतलं इंजिन पाहिल्याशिवाय या उद्योगाचा आवाका कळत नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये ओतलेला त्याचा सिलिंडर १२ फूट व्यासाचा, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी विहिरीएवढा. गोल इमारतीच्या भिंतींतून आठ लोखंडी तुळया चहूबाजूंना बाहेर आलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक पंप. एका हिसक्यात आठ पंप मिळून ६४,००० लिटर पाणी उचलायचे आणि मिनिटाला असे पाच हिसके. आज हे धूड पाहुण्यांसाठी तेलाच्या दाबाने हलवून दाखवतात. वाफ केव्हाच विझली, पण तुळया वर-खाली होताना पाहून पोटात गोळा येतोच.

सव्वातीन वर्षं हा उपसा चालला. जवळजवळ ८० कोटी घनमीटर पाणी निघालं. आपल्या मापात सांगायचं तर २८ टीएमसीच्या वर, म्हणजे पुण्याला पाणी पाजणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली की होतं साधारण तेवढं. जुलै १८५२ मध्ये तळ उघडा पडला. १८,००० हेक्टर, समुद्रसपाटीच्या चार-पाच मीटर खाली, पट्टीने आखल्यासारखी शेतं. दुसऱ्याच वर्षी इथे वस्ती झाली. १८६८ मध्ये तिने नीउ-व्हेनेप हे नाव घेतलं आणि बुडालेल्या गावाचं नाव पुन्हा नकाशावर आलं.

सुरुवातीची वर्षं वाईट गेली. प्यायला धड पाणी नाही, रस्ते म्हणजे नुसता चिखल, कॉलऱ्याने आणि हिवतापाने माणसं मरत होती. जमिनी बऱ्याच अंशी शहरातल्या पैसेवाल्यांनी घेतल्या आणि राबायला कुळं आली. पण माती तळ्याच्या तळाची, चिकण आणि कसदार. आधी मोहरीच्या जातीचं रेपसीड आलं, मग गहू आणि पुढे साखरेचं बीट. एवढ्या चांगल्या मातीवर नुसतं गवत वाढवणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे गाई मुख्यतः कालव्याच्या बाहेर, पीटच्या, म्हणजे दलदली मातीच्या, मऊ कुरणांवरच राहिल्या. हॉलंड म्हटलं की डोळ्यांपुढे गाय येते, पण नीउ-व्हेनेपच्या शिवारात ती शोधावी लागते. दिसतो तो गहू, बटाटा, बीट आणि वरून जाणारी विमानं. स्किपोल विमानतळ याच तळ्याच्या तळावर आहे. विमानांच्या इंजिनांत हंस शिरू नयेत म्हणून आसपासचे शेतकरी गहू काढल्याबरोबर रान नांगरून टाकतात, सांडलेला दाणा उघड्यावर ठेवत नाहीत. गाय, मासा आणि हंस या तिघांत हंसाचं दुःख वेगळंच आहे. ते पुन्हा कधीतरी.

आणि कोळी? ते कडेला सरकले. रिंगफार्ट, काग, आल्समेरच्या बाजूची उरलेली तळी, जिथे पाणी राहिलं तिथे. पुढे आल्समेरचं नाव जगात झालं ते फुलांच्या लिलावाने.

या जागी एक तुलना करायला हवी, कारण त्याच देशाने ऐंशी वर्षांनी हाच प्रश्न जरा शहाणपणाने हाताळला. १९३२ मध्ये आफ्स्लाउटडाइक हा ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी झाउडरझे हा खारा उपसागर कोंडला. त्याचं आयसलमेर हे गोडं तळं झालं. हेरिंग आणि अँचोव्ही संपले, आणि ते संपणार हे आधीच माहीत होतं. म्हणून बांध पुरा व्हायच्या सात वर्षं आधी, १९२५ मध्ये, तिथल्या मच्छीमारांना आधार देणारा कायदा झाला होता. मदत पुरेशी होती असं तेव्हाचे मच्छीमारही म्हणाले नसते. पण 'ज्याचा मासा जातो त्याचंही नुकसान होतं' एवढं कायद्याने मान्य केलं. आपल्याकडे भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. बुडीत क्षेत्रातलं नुकसान कागदावर मोजलं गेलं ते सातबारा पाहून. नदीत जाळं टाकणाऱ्या भोयाचा सातबारा कुठला? नदी कुणाच्याच नावावर नसते, त्यामुळे तिच्यावर जगणारा बुडालाच नाही असं कागद समजतो. पुढे जलाशयात मासेमारी वाढली, भिगवणचा मासळीबाजार नावारूपाला आला, हे खरं. पण त्याच जलाशयात चिलापीने बस्तान बसवलं, पुणे-पिंपरीची घाण भीमेतून खाली येत राहिली आणि नदीचे जुने मासे मागे पडले.

आता गाय. नेदरलँड्स हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. त्यावर सुमारे ३७-३८ लाख गुरं, कोटीभर डुकरं आणि दहा कोटींच्या आसपास कोंबड्या. एवढ्यांना पुरेल असा चारा त्या जमिनीत पिकत नाही. सोयाबीन जहाजाने ब्राझीलहून रॉटरडॅमला येतं, दूध, चीज आणि मांस जगभर जातं. देशात काय राहतं? शेण.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चक्रावून टाकणारी गोष्ट ही आहे. आपण शेणखताची ट्रॉली हजारो रुपये मोजून घेतो, उन्हाळ्यात तिच्यासाठी आगाऊ नंबर लावतो आणि पांदीतून ट्रॅक्टर येईल का याची काळजी करतो. तिथे उलटं आहे. ज्यांच्याकडे गाई-डुकरं दाटीने आहेत ते पातळ शेणाचा टँकर पैसे देऊन दुसऱ्याच्या शेतात पाठवतात आणि हार्लेमरमेरसारख्या धान्याच्या मुलखातला शेतकरी ते शेण घेण्याबद्दल पैसे घेतो. टँकरला जीपीएस लावलेला. शेणाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यात नत्र किती आणि स्फुरद किती याची नोंद होते. शेतात ते उधळायचं नाही, दात्यांनी मातीत चर पाडून त्यात सोडायचं, नाहीतर अमोनिया उडून जातो. एका बादली शेणाचा एवढा पंचनामा आपल्याकडे कुणाला पटणार नाही. पण शेण पेलण्यापलीकडे गेलं की ते खत राहत नाही, कचरा होतं. तो टँकर म्हणजे कचऱ्याचा टँकर आहे.

यावरून त्या देशाचं राजकारण ढवळून निघालं, तो इतिहास ताजाच आहे. १९८४ पासून २०१५ पर्यंत दुधावर युरोपचा कोटा होता. कोटा उठला, गाई वाढल्या, स्फुरदाची मर्यादा ओलांडली गेली आणि २०१८ पासून दुधाच्या प्रत्येक गोठ्यावर स्फुरदाच्या हक्कांची मर्यादा आली, गाई वाढवायच्या तर हक्क विकत घ्यायची वेळ आली. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्र सोडण्याचे परवाने देण्याची सरकारी पद्धतच बेकायदा ठरवली. ऑक्टोबरात ट्रॅक्टरांनी हेग गाठलं. शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला बीबीबी हा नवा पक्ष २०२३ मध्ये सिनेटात सर्वांत मोठा ठरला. त्याच वर्षी गोठे स्वेच्छेने बंद करणाऱ्यांना भरपाई देण्याच्या योजनेला युरोपने मान्यता दिली. आणि शेणातलं नत्र हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त टाकायची जी खास सवलत डच शेतकऱ्यांना होती, ती टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली.

या सगळ्या गदारोळात मासा कुठे होता? जवळजवळ कुठेच नाही. भांडण हवेतल्या अमोनियाचं आणि माळरानावरच्या झुडपांचं होतं. खरं तर शेणाचा धक्का सगळ्यात आधी बसतो तो शेताकडेच्या चराला. उन्हाळ्यात पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीतल्या, अशा एखाद्या चरापाशी थांबून पाहावं. पाणी दिसतच नाही. हिरव्या टिकल्यांसारखी बारीक वनस्पती काठापासून काठापर्यंत गालिच्यासारखी पसरलेली असते, इतकी की लहान मुलाने जमीन समजून पाय ठेवावा. नत्र-स्फुरद भरपूर मिळालं की ती अशी माजते. खाली ऊन पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, प्राणवायू संपतो आणि मासा तग धरत नाही. मात्र सगळं खापर शेणावर फोडणंही बरोबर नाही. हार्लेमरमेर इतकं खोल आहे की जमिनीखालून निमखारं, स्फुरद असलेलं पाणी सतत वर पाझरत असतं. उद्या सगळे गोठे बंद केले तरी ते थांबणार नाही. युरोपच्या पाणीविषयक नियमांची मुदत २०२७ ची आहे आणि डच पाण्याची आजची तब्येत पाहता ती सगळीकडे पाळली जाईल असं मला वाटत नाही.

तिथल्या गोड्या पाण्याचा राजा मासा म्हणजे पालिंग, आपल्या वामेच्या घाटाचा. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. तो अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जन्मतो, काचेसारखं पारदर्शक पिल्लू होऊन युरोपच्या किनाऱ्याला लागतो आणि नद्या-कालव्यांतून चरांपर्यंत चढतो. वर्षानुवर्षं तिथे वाढतो आणि एका शरद ऋतूत अंड्यांसाठी पुन्हा समुद्राकडे निघतो. वाटेत पंप असतात. तळ कोरडा ठेवणारा पंप त्याला पाण्याबरोबर ओढून घेतो आणि पात्यांत चिरून टाकतो. ज्या यंत्राने जमीन दिली तेच यंत्र मासा कापतं. हे अलंकारिक नाही, पंपाच्या पलीकडे तुकडे सापडतात. आता माशाला इजा न करणारे पंप बसवताहेत, पण पंप पुष्कळ आणि पैसा थोडा. काही ठिकाणी मच्छीमारच पालिंग पकडतात आणि बांधाच्या पलीकडे नेऊन सोडतात. युट्रेक्ट शहरात तर २०२१ पासून 'माशांची दारघंटी' आहे. पाण्याखालचा कॅमेरा घरबसल्या पाहायचा आणि मासा दाराशी ताटकळलेला दिसला की बटण दाबायचं. तिकडे पाणीदाराचा रखवालदार दार उघडतो.

१९८० नंतर युरोपात येणारी काचपिल्लं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. २००७ मध्ये युरोपने पालिंगसाठी वेगळा नियम केला. नेदरलँड्समध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर पालिंग पकडायला बंदी आली. हौशी गळवाल्याला पालिंग लागला तर तो परत सोडावा लागतो. २०११ मध्ये मोठ्या नद्यांतला पालिंग डायऑक्सिनमुळे खाण्यायोग्य नाही म्हणून तिथली पालिंगची मासेमारीच बंद झाली. नदीतल्या पालिंगवर जगणाऱ्या कुटुंबांचा धंदा एका तारखेला संपला. पाण्यातल्या अशा विषाचा वाटा हार्लेमरमेरलाही मिळाला. २००८ मध्ये स्किपोलच्या एका हँगरमधून आग विझवायचा फेस चुकून बाहेर आला आणि आसपासच्या पाण्यात आणि माशांत पीएफओएस हे न मरणारं रसायन सापडलं. धुरावलेला पालिंग आजही आवडीने खातात, सालपट हाताने ओढून, बोटं तेलकट करून. पण तो बहुतेक बंदिस्त टाक्यांत वाढवलेला असतो, आणि त्याचीही पिल्लं समुद्रातूनच पकडून आणावी लागतात, कारण टाकीत पैदास करून धंदा चालवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

रिकाम्या झालेल्या पाण्यात पाहुणा शिरला. लाल अमेरिकन झिंगा, म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंड म्हणा. तो पाणवनस्पती कुरतडतो, काठात बिळं करतो आणि चराची कड ढासळते. पावसाळी दिवशी सायकलच्या वाटेवर भेटला तर दोन्ही नांग्या उगारून उभा राहतो, माघार घेत नाही. मच्छीमार आता तोच पकडतात. म्हणजे एकेकाळी ज्यांच्या जाळ्यात तळ्याचं वैभव यायचं, ते आता तळ्याची साफसफाई करतात. बाकी गोड्या पाण्यातली मासेमारी हा तिथे मुख्यतः छंद झालाय. परवाना काढायचा, मासा धरायचा, फोटो काढायचा आणि त्याला परत सोडून द्यायचं. रस्सा करायला मासा शोधणारा मराठी माणूस ते पाहून हळहळतो.

आता बांधाकडे येऊ. या भागाच्या पाण्याची पातळी ठरवते राइनलांडची पाणीसंस्था. ती तेराव्या शतकापासून आहे, म्हणजे देवगिरीवर यादव होते तेव्हापासून. तिची वेगळी निवडणूक होते, ती वेगळी पट्टी वसूल करते आणि प्रत्येक भागासाठी उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत आणि हिवाळ्यात कुठपर्यंत याचा लेखी ठराव करते. शेतकऱ्याला पाणी खाली हवं, कारण ओल्या कुरणात गाईचे खूर रुततात आणि ट्रॅक्टर फसतो. माशाला पाणी वर हवं आणि वर्षभर हवं. पाणी खाली ठेवलं की पीटची जमीन सुकते, कुजते आणि खचते, मग पाणी आणखी खाली न्यावं लागतं. संस्थेच्या सभागृहात शेतकऱ्यांसाठी जागा राखीव आहेत. २०२३ च्या निवडणुकीत त्या दोनवर आल्या आणि निसर्गाची जमीन सांभाळणाऱ्यांनाही दोन मिळाल्या. मच्छीमारासाठी एकही नाही. तरी माझं मत असं की ही व्यवस्था आपल्यापेक्षा पुढे आहे. मासा हरतो, पण तो कुठल्या सभेत, कुठल्या तारखेला आणि किती सेंटिमीटरने हरला हे तिथे लिहिलेलं सापडतं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आहेत, लोकांच्या बोलण्यात मामा तलाव. त्यांची संख्या हजारांत आहे. कोहळी समाजाने ते बांधण्याची विद्या जोपासली, ढिवर समाजाने त्यातला मासा. तिथे गाय आणि मासा एकाच तळ्यावर पाळीपाळीने जगत आलेत. पावसाळ्यात पाण्यात मासा, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर आणि गुरांची चराई. गुरांचं शेण तिथेच पडतं, पुढच्या पावसात त्यावर किडे-शेवाळ वाढतं आणि ते मासा खातो. हॉलंडला जे शेण टँकरने वाहून न्यावं लागतं ते इथे तळंच पचवतं, कारण गुरं तळ्याला पेलतील एवढीच आहेत.

पण १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारचे झाले आणि पातळीचं भांडण उघडं पडलं. मासेमारी सहकारी संस्था ठेका भरते तो माशाचा. पाण्याचं तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, तिच्या हातात नसतं. धानाला शेवटचं पाणी लागलं की तुडूम उघडतं आणि मासा गुडघाभर पाण्यात उरतो. त्यात बेशरम हे तण माजलेलं, गाळ साचलेला, आणि आंध्रातून आणलेलं रोहू-कटल्याचं बीज टाकण्याची सवय. भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवर कुटुंबांबरोबर गेली अनेक वर्षं बेशरम काढणं, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणं आणि देशी मासे परत आणणं हे काम करताहेत. त्यात बायका पुढे आहेत. जिथे हे झालं तिथे मासा आला. 

म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याला आणि जिल्हा परिषदांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी तलावाचा ठेका द्याल तेव्हा करारात रकमेच्या खाली आणखी एक ओळ लिहा. एप्रिलअखेर तलावात किमान किती फूट पाणी राहील आणि तोवर तुडूम कुणाच्या सहीशिवाय उघडणार नाही, ते त्यात असू द्या. त्या सह्यांत एक सही ढिवराची असावी.